वेणीची खूण

रविवार, दुपार

प्रिय ताई,

तू, दाजी, पिल्लू मजेत असालच. मीही मजेत आहे. वजन वाढलंय, कारण इथे जे बिघडतं ते आपणच खायचं असतं, आणि बिघडवणारा बहुतेक मीच.

सध्या लोण्याच्या कणकेची पानंफुलं करायला शिकतोय. माझ्या पहिल्या गुलाबांचे भट्टीत जाऊन कोबी झाले. बाई, म्हणजे बेकरीच्या मालकीण, म्हणाल्या, "हात आहेत की तवे? लोणी वितळतंय सगळं." तेव्हापासून सारखे गार पाण्यात हात बुडवतो. शाळेत एवढा मार खाऊनही मी एका जागी इतका बसलो नव्हतो.

परवा एका मोठ्या पेस्ट्रीच्या कडेने तीन पदरी वेणी घालायची होती. बाकीचे अडखळत होते, मी गप्पा मारत घालून मोकळा. बाईंनी चष्मा वर केला. "कुठे शिकलास रे?"

"घरी. आई सकाळपाळीला जायची, ताईच्या शाळेच्या वेण्या माझ्याकडे होत्या."

सगळे हसले. कणीक तुझ्यासारखी ओरडत नाही, एवढाच फरक.

बाई काम करता करता जुनं सांगतात. पूर्वी म्हणे अख्ख्या गावाला एकच भट्टी असायची. बायका घरून पाव मळून आणायच्या आणि त्यावर आपल्या घराची खूण उठवायच्या, म्हणजे भाजल्यावर ज्याचा पाव त्याच्याच घरी जायचा. ती रीत बाईंनी अजून ठेवलीय. शिकाऊ माणसाचा पाव बिनखुणेचा. ज्याचं इथे राहायचं नक्की झालं, त्याने खूण निवडायची. मला त्या रोज विचारायच्या आणि मी रोज विषय बदलायचो.

दाजींनी गॅरेजमध्ये माझी जागा अडवून ठेवलीय, बाबांनी गल्लीभर सांगूनही टाकलंय, हे माहीत आहे मला. तू "कधी निघतोस" विचारतेस, म्हणून तर इतका वेळ कोबीच सांगत बसलो. बाबा म्हणतील, भुंगा आहे तो, हेही फूल सोडेल. म्हणू देत.

आज सकाळी मी खूण उठवली. छोटी तीन पदरी वेणी. बाईंनी माझा पाव उचलून स्वतःच्या पावाशेजारी ठेवला.

दाजींना तूच सांग, तुझ्यावर ते चिडत नाहीत. बाबांना हे पत्र वाचून दाखव, पण वेणीपाशी आलीस की जरा थांब, त्यांना हसू दे, मग पुढचं वाच.

सोबत खूण असलेलं एक कडक बिस्कीट पाठवतोय. ते खाऊ नका, बाबांच्या हातात द्या. कुठल्या घरचं आहे ते त्यांना कळेल.

इथे राहणारा, पण त्याच घरचा,
भुंगा