घसरगुंडीवरच्या काट्या

छत्रपती संभाजीनगर
१४ डिसेंबर २०२५

प्रिय आई,
सप्रेम जय भीम.

आम्ही ठीक आहोत. वैजापूरहून पाठवलेली बाजरी मिळाली. कारखान्यात सुरक्षा विभाग आता पूर्ण माझ्याकडे आला आहे.

तू रोज व्हिडिओ कॉल करतेस आणि मी नेटवर्क नाही म्हणते. नेटवर्क आहे. श्रेयाच्या डाव्या हाताला प्लास्टर आहे, ते तुला दिसू नये म्हणून. शाळेत घसरगुंडीवरून पडली. मनगटाजवळचं हाड मोडलं, पण जागेवरून सरकलेलं नाही. हात पूर्ण बरा होईल. फोनवर हे मला सरळ आवाजात सांगता आलं नसतं.

मी शाळेच्या पालक समितीत आहे. मुख्याध्यापकांनी विचारलं, "मॅडम, तुमचं कामच हे. काय करायचं?" मी म्हटलं, काढून टाका. त्यांनी दोर बांधून घसरगुंडी बंद केली, कापायला वेल्डर सांगितला.

मग श्रेया शाळेत जाईना. वर्गातला शिवम तिला म्हणाला होता, "तुझ्या मम्मीनं आमची घसरगुंडी खाल्ली." बाकीचेही बोलेनात. ती मला एवढंच म्हणाली, "पडले मी. मग शिक्षा सगळ्यांना का?"

मला गावची शाळा आठवली. मी दुसरीत असताना तिथल्या घसरगुंडीवरून पडले, कपाळाला टाके पडले, आणि गुरुजींनी घसरगुंडीवर बाभळीच्या काट्या टाकल्या, बांधावर टाकतात तशा. तू तिथं खिचडी शिजवायचीस. झारा खाली ठेवून तू काट्या ओढून काढल्यास.

"गीताबाई, उद्या दुसरं पडंल!"

"पडंल की गुरुजी. म्हणून काय लेकरांनी भिंतीला टेकून बसायचं व्हय?"

मग खाली उकिडवी बसलीस आणि मला म्हणालीस, "ये. मी हाय."

मी वेल्डरला कापू दिलं नाही. एका बाजूचा कठडा सुटला होता, तो त्याच्याकडूनच जोडून घेतला. खालचं काँक्रीट फोडून वाळू भरली. घसरगुंडी आता सुरक्षित आहे. पूर्ण नाही, पूर्ण सुरक्षित फक्त दोर बांधलेली असते.

काल मुलं घसरगुंडीवर तुटून पडली. शिवमनं श्रेयाच्या प्लास्टरवर पेनानं फूल काढलं, जरा वाकडंच. मी तिला विचारलं, हात बरा झाल्यावर चढशील ना? तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. "मम्मी, तूच भितेस."

ते खरं आहे.

शनिवारी प्लास्टर निघणार आहे. तू ये. डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच ती वर चढेल, तोवर राहा. खाली मी उभी राहीन, पण माझ्याशेजारी तू हवीस. त्या दिवशी तू हसत होतीस, एवढं मला पक्कं आठवतं. आतून किती घाबरली असशील, ते आज कळतंय.

कधी बोलले नाही. बरं केलंस, आई.

तू खाली होतीस म्हणून उतरू शकलेली,
करुणा