ठकूचं नाव

मोशी, १० जानेवारी १९५५
निबंधाला उत्तर आलं. पुढच्या रविवारी चिंचवडला शिक्षक-साहित्यिकांचा मेळावा, मला दहा मिनिटं. विषय ‘जात्यावरच्या ओव्या’. पुण्याचे प्रा. क. अध्यक्ष. चौथीच्या पोरांना आज एकही छडी नाही.

ओव्या सगळ्या भा. बाईंच्या, म्हणजे भागूबाईंच्या. त्यांच्याच पडवीत मी भाड्यानं राहतो. पहाटे त्या भिंतीपलीकडे दळतात, मी अलीकडे पांघरुणात बसून वही भरतो. फुकटची विद्या!

१४ जाने.
संक्रांत. भा. बाई तिळगूळ घेऊन आल्या. मेळाव्याचं सांगितलं. हात पदराला पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “ठकूची ओवी म्हणशाल का तितं?”

ठकू त्यांची लेक. आठव्या वर्षी तापानं गेली. दळताना जात्याभोवतीच्या पाळीवर साचलेल्या पिठात बोटानं रेघा ओढायची.

सरलं दळण, पीठ साचलं पाळीला
ठकूबाई माझी न्हाई बोट वढायाला

“तिचं नाव कुटंच लिवलेलं न्हाई, मास्तर. साळंत घातलीच न्हवती. येकदा मोठ्या मान्सांत घ्या.” घेतो म्हणालो. त्यात काय मोठंसं?

जाताना विचारलं, “तुमचं नाव काय वो?” सांगितलं, सदाशिव. गावात मी नुसता मास्तर. नाव कुणी विचारलंच नव्हतं.

१६ जाने. रविवार
सायकलनं चिंचवड. धोतर चेनला लागून काळं झालं, डाग झाकायला टाचा जोडून बसलो.

माझ्या आधी तळेगावकडचे एक शिक्षक. त्यांच्या कवितेत ‘धोंडीबा’ आला आणि पुढच्या दोन रांगा फिसकन हसल्या. प्रा. क.सुद्धा. मग मी उठलो. सगळं नीट चाललं होतं. ठकूची ओवी आली. ‘ठकू’ म्हटलं तर हसतील, एवढंच डोक्यात. तोंडातून गेलं, “मैनाबाई माझी...”

टाळ्या पडल्या. समारोपात प्रा. क. म्हणाले, “लेकीला मैना म्हणणारी ही अडाणी बाई! केवढी नेमकी प्रतिभा!” मी मान लववून नमस्कार केला. लाज वाटायला हवी होती तेव्हा छाती फुगली होती. स्वच्छ प्रत पाठवा म्हणाले, छापू.

१७ जाने.
भा. बाई दारातच उभ्या.
“घेतलं का वो नाव?”
“घेतलं.”
“हसलं न्हाई ना कुनी?”
“नाही. टाळ्या पडल्या.”
हे दुसरं खरं होतं. म्हणून आणखीच वाईट. त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या, डोळे पुसले. मी घंटा झाली म्हणून निघालो. घंटेला अर्धा तास होता.

१९ जाने.
छापणार आहेत हे हेडमास्तरांनी गावभर केलं. भा. बाई: “मला वाचाया येत न्हाई. पर बुक आलं की ठकूच्या नावावर माजं बोट ठिवा. मंग झालं.”

२२ जाने.
प्रत लिहायला बसलो. ‘ठकू’ लिहावं, तर प्रा. क.ना कळवावं लागणार, की ज्या शब्दावर ते भाळले तो माझा, आणि भ्यालो म्हणून घातलेला. मग कसली छपाई?

‘मैना’ लिहिलं तर? भा. बाईंचं बोट मैनावर ठेवलं तरी त्यांना काय कळणार.

हे वरचं वाक्य मी लिहिलंय. माझ्याच अक्षरात आहे. जनाची नाही तर मनाची तरी असावी म्हणतात. पोरांना हेच शिकवतो.

२५ जाने.
प्रा. क. यांचं कार्ड. महिनाअखेरपर्यंत प्रत हवी. “ती ‘मैना’ अवश्य घ्यावी.” कार्ड वहीत लपवलं. कुणापासून लपवलं? वाचणारा इथं मी एकटाच.

२७ जाने.
पहाटे जातं सुरू झालं. सवयीनं वही ओढली. नवी ओवी होती. निम्मी लिहिल्यावर कळलं काय लिहितोय.

चिंचवडाच्या सभेला शानीसुरती मानसं
सदाशिव बंधवानं नाव घेतलं ठकूचं

दोनदा म्हटली. ओवीत नाव येतं ते आपल्या माणसाचं. भावाचं, लेकराचं. मला हे ठाऊक आहे, निबंधात पहिल्याच पानावर मी ते लिहिलंय.

जातं थांबलं. भिंतीपलीकडून आवाज: “ऐकली का वो, दादा?”

आजवर मास्तर म्हणायच्या.

ऐकली म्हणालो. खरं काय ते सांगायचं म्हणून उठलो, त्यांच्या दारापर्यंत गेलो. त्या पीठ भरत होत्या. पाळीच्या एका कडेचं पीठ तसंच ठेवलं होतं, बोट ओढण्यापुरतं. “बसा,” म्हणाल्या, “च्या टाकते.”

बसलोय. वही मांडीवर आहे. प्रत पाकिटात घातलेली नाही, तिच्यात नावाची जागा अजून कोरी आहे. चहा उकळतोय.