पूजेतला पाना

आई, आज मी तुझ्याशी भांडायला बसलेय. तू जाऊन इतकी वर्षं झाली की आता भांडणासारखं आपल्यात काही उरलेलं नाही, असं मला वाटायचं. तू गेलीस तेव्हा लेक माझ्या पोटात होती. आता ती वीस वर्षांची आहे, माझ्यापेक्षा वीतभर उंच, आणि माझं कुठलंही म्हणणं एका सांगण्यात ऐकत नाही. आम्ही अजून डोंबिवलीतच आहोत. बिल्डिंगखाली आमची गाडी उभी असते, म्हणजे माझीच, माझ्या पगारातून घेतलेली, आणि चालवतेही मीच. तुझ्या काळात चाळीच्या दारात गाडी थांबली की कुणीतरी गेलं किंवा कुणाचं तरी लग्न ठरलं, एवढंच कळायचं. तर ह्या दसऱ्याला, भर रस्त्यात, ह्या गाडीचं पुढचं चाक निखळलं. आणि त्यात तुझाही हात आहे. थांब, सांगते.

ब्रेक दाबला की पुढून किर्र आवाज यायचा, म्हणून दसऱ्याआधी गाडी गॅरेजला टाकली. गॅरेज घरापासून दोन गल्ल्यांवर. मालक पन्नाशीचा, आपल्याच भागातला, मला कायम ताई म्हणणारा. त्या आठवड्यात सगळ्या डोंबिवलीलाच गाडी दसऱ्याला दारात हवी असते, त्यामुळे माझा नंबर खंडेनवमीला लागला. दुपारी चहाच्या वेळेला मी ऑफिसातून फोन केला तर म्हणाला, "ताई, ब्रेकचं काम झालंय, फक्त चाकं चढवायचीत. संध्याकाळी या बिनधास्त." गेले. गॅरेज झाडून लख्ख केलेलं, दारात रांगोळी, आणि आत पाटावर लाल कापड घालून सगळी हत्यारं मांडलेली. पाने, पकडी, हातोड्या, लहानमोठ्या क्रमाने, प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं एक फूल. त्याची बायको-पोरं नवे कपडे घालून आरतीला थांबलेली. त्याने माझ्या हातात किल्ली दिली, वर पेढा दिला. "एकदम मक्खन झालीय गाडी." मी हात जोडले, पेढा तोंडात टाकला आणि गाडी घेऊन आले.

मी काहीच विचारलं नाही, आई. एरवी मी भाजीवाल्याला तीनदा विचारते की भेंडी कोवळी आहे ना. पण ती मांडणी बघितली आणि मला आपली गिरणी दिसली. चाळीच्या तळमजल्याचा तो गाळा, कोमट पिठाचा वास, तुझ्या पापण्यांवर बसलेलं पीठ. नवमीच्या सकाळी तू गिरणी पुसून काढायचीस, पट्ट्यालासुद्धा ओलं फडकं फिरवायचीस, मग हार, हळदकुंकू, नारळ. त्यानंतर दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी कितीही गयावया करो, बटणाला हात नाही. एकदा समोरच्या काकू अक्षरशः रडायला आल्या, उद्या जावई जेवायला येणार आणि घरात पीठ नाही. तू आपल्या डब्यातलं पीठ त्यांना काढून दिलंस, पण गिरणी सुरू केली नाहीस. अशा घरात मी वाढले. हत्यारांची इतक्या निगुतीने पूजा करणारा माणूस चोखच असणार, हे माझ्या डोक्यात कुणी घातलं? तूच. म्हणून म्हणते, भांडायला बसलेय.

दसऱ्याला सकाळी लेकीने गाडी धुतली. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. नणंदेकडे नौपाड्याला जेवायला जायचं होतं. नवरा ड्युटीवरून परस्पर तिकडे येणार होता, म्हणून आम्ही दोघीच निघालो. शीळ रस्त्याला लागलो आणि डाव्या बाजूने टक् टक् असं काहीतरी सुरू झालं. लेक म्हणाली, "मम्मी, कसला आवाज आहे?" मी म्हटलं, "लिंबू अडकलं असेल." हसू नकोस. खरंच तेच वाटलं मला. पुढे गेल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागलं, मी ब्रेकवर पाय ठेवतेय तोच गाडी डावीकडे धाडकन खाली बसली, आणि माझ्या डोळ्यांसमोरून, आमच्या पुढे, आमचंच चाक पळत चाललं होतं. पत्रा रस्त्यावर घासत होता. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढत होते आणि गाडी माझं ऐकत नव्हती. मागून टँकरचा हॉर्न, एकसारखा. लेकीचं डोकं काचेवर आपटलेलं मला ऐकू आलं, दिसलं नाही. गाडी थांबली तेव्हा टँकर आमच्या इतका जवळ उभा होता की आरशात त्याच्या जाळीशिवाय दुसरं काही मावत नव्हतं. चाक पुढे रसाच्या दुकानाच्या खांबाला धडकून आडवं झालं. खांबापलीकडे बाकावर दोन माणसं बसली होती. हातातले ग्लास तसेच धरून आमच्याकडे बघत होती.

लेकीच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. मी तिचा चेहरा धरला तर तिने माझे हात झटकले. "किती वेळा सांगितलं मम्मी, हळू चालव! ऐकतेस कुणाचं?" रस्त्यावर जमलेल्यांपैकी एक जण दुसऱ्याला म्हणाला, "लेडीज होती ना." नवऱ्याला फोन केला तर पहिलं वाक्य काय, "खड्ड्यात घातलीस का?" आई, त्या क्षणी मला कुणाचाच राग आला नाही, कारण मलाही तसंच वाटलं. माझंच काहीतरी चुकलं असणार. दवाखान्यात डॉक्टरने लेकीला तपासून काही विशेष नाही म्हटलं. ती रिक्षात माझ्या शेजारी बसली ती बाहेर तोंड करून. हळूच म्हणाली, "मी परत तुझ्या गाडीत नाही बसणार." रागाने म्हणाली असती तर मी उलट ओरडले असते. ती शांतपणे म्हणाली, तेच जिव्हारी लागलं.

टोइंगवाला पुढचा भाग उचलून गाडी गॅरेजच्या दारात आणून ठेवतो. मागोमाग रिक्षातून आम्ही दोघी. मालक जेवणावरून उठून आलाय. गाडीभोवती एक फेरी मारतो, च्च च्च करतो. "ताई, जोरात आपटलीय कुठेतरी. स्पीडमध्ये खड्डा लागला की बोल्ट तुटतातच. घाबरू नका, आत ढकलतो, सगळं करून देतो. तुमच्याकडून एक रुपया नको." नवरा फोनवर आहे, तो म्हणतो, "बघ, फुकट करून देतोय, दे सोडून. सणाचा दिवस आहे." लेक हाताची घडी घालून भिंतीला टेकलेली. सगळ्यांना पटलंय. मलाही जवळपास पटलंय. मालकाने बॉनेटला हात लावला, ढकलायला, तेव्हा माझी नजर त्याच्या खांद्यावरून आत गेली. पाटावर पूजा अजून तशीच होती. फुलं मलूल झालेली, हळदकुंकू सुकलेलं, आणि मधोमध चाकाचा तो अधिकच्या चिन्हासारखा मोठा पाना. त्याच्यावरचं फूल जागचं हललेलं नव्हतं.

मी गाडी आणि तो ह्यांच्या मधे जाऊन उभी राहिले. "काल पूजा कधी मांडली?"

"सकाळीच की. मुहूर्तावर. जेवायच्या आधी."

"आणि माझी चाकं चहाच्या वेळेला चढवत होतात. कशाने आवळलीत?"

आई, त्याने मागे वळून पाटाकडे बघितलं. मग एकदम आवाज चढवला. "अहो, आवळलीत म्हणजे आवळलीत! पंचवीस वर्षं हेच करतोय. तुम्ही मला शिकवणार? गाडी आत घेऊ द्या आधी." चोर तो चोर, वर शिरजोर. मी हलले नाही. गाडी एकदा आत गेली की काय होणार, हे न कळण्याइतकी मी दुधखुळी नाही. मी लेकीला म्हटलं, "त्या बाजूचं चाक आहे ना अजून, त्याचे नट बघ." ती म्हणाली, "मम्मी, प्लीज, तमाशा नको." मी म्हटलं, "बघ म्हणते ना!" तिने कंटाळून खाली वाकून उजव्या चाकाच्या एका नटाला हात लावला. दोन बोटांनी फिरवला. नट फिरला. तिने माझ्याकडे बघितलं, परत फिरवला, आणि तो अख्खा नट निघून तिच्या तळहातावर आला. मग दुसरा. तिसऱ्याला तिने हात लावला नाही. उठली आणि माझ्या बाजूला येऊन उभी राहिली, इतकी जवळ की तिचा दंड माझ्या दंडाला लागत होता.

मालक पायरीवर बसला. "मुहूर्त निघून चालला होता, ताई. हत्यारं सगळी पूजेला गेली. म्हटलं चाकं हाताने चढवून ठेवू, उद्या पाना उचलला की पहिली तुमचीच गाडी. तर तुम्ही संध्याकाळी येऊन उभ्या. घरची माणसं आरतीला ताटकळलेली. किल्ली दिली, पेढा दिला, आणि ते सांगायचंच राहिलं." मग मान वर करून मला म्हणाला, अगदी कळवळून, "तुम्ही पण आपल्यातल्याच. तुम्हीच सांगा, पूजेतला पाना कसा उचलायचा?"

मी म्हटलं, "माझ्या आईने उचलला असता."

ते तोंडातून गेलं आणि मगच मला ती नवमी आठवली. लाईट गेलेली होती, एकाचा गहू अर्धाच दळून झाला होता, आणि आजी पूजेची घाई करत होती म्हणून तू हार घातलास. संध्याकाळी लाईट आली. डब्यात अर्धे गहू आणि पिशवीत अर्धं पीठ. तू गिरणीसमोर उभी राहिलीस, हात जोडलेस, "रागावू नको गं बाई," म्हणालीस, हार उतरवून खुंटीला लावलास आणि बटण दाबलंस. आजी दोन दिवस तुझ्या हातचं जेवली नाही. मी दाराआडून बघत होते, आता काहीतरी भयंकर होणार म्हणून. तू फक्त एवढंच म्हणालीस, "लोकांचं काम अर्धं आणि माझी पूजा पूर्ण, हे कुठलं देवाचं?" हे मला नवमीच्या संध्याकाळी आठवलं असतं तर मी त्याला विचारलं असतं, झालं का हो सगळं? पण तेव्हा मला फक्त तुझा हार आठवला. उतरवलेला आठवला नाही. भांडण मिटलं म्हण हवं तर.

गाडी दुसरीकडून नीट करून आणली. खर्च त्याने दिला, तो द्यायलाच हवा होता, त्यात उपकार नाहीत. नवऱ्याने मान्य केलं की फोनवर तसं विचारायला नको होतं. गेल्या रविवारी लेक किल्ली घेऊन समोर आली, "चल मम्मी, आत्याकडे जाऊ. दसऱ्याचं जेवण राहिलंय." मी म्हटलं, "तुझं लायसन्स आलंय ना, तूच चालव. माझा गुडघा दुखतोय." ती म्हणाली, "तू चालव ना. मला माहितीय आता, तुझी चूक नव्हती. मी बसतेय ना तुझ्या बाजूला." मी परत गुडघाच सांगितला. तिने चालवली. नौपाड्यापर्यंत मी डावीकडच्या सीटवर दाराचा दांडा धरून बसले होते आणि ती मधून मधून विचारत होती, "खूप दुखतंय का गं?"

हे मी कुणाला वाचायला देणार नाही, ह्या पत्राला पत्तापण नाही, तेव्हा तुला सांगायला हरकत नाही. सगळ्यांना वाटतं लेक घाबरली होती आणि आता सावरली. ती दोन नटांत सावरली, आई. माझा गुडघा दुखत नव्हता.