कोरं पातं

२ ऑक्टोबर, मानियागो

आलो एकदाचे, चाकू घडवणाऱ्यांच्या गावात! त्रिएस्तेतलं चष्म्यांचं दुकान पुतण्याच्या गळ्यात मारून, भांडीकुंडी आणि माझे सगळे चाकू गाडीत घालून, वाटभर बायकोची, नोरिनाची कुरकुर ऐकत, पण आलो. घर छोटंसं आहे, कोल्वेरा नदीच्या काठाला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जोउफचा डोंगर दिसतो आणि गल्लीच्या टोकाकडून सहाणेवर पोलाद घासल्याचा आवाज येतो. नोरिना म्हणते, हे तर दाढ कोरत बसलेत. मी मात्र खिडकी उघडीच ठेवली.

आयुष्यभर मी दुसऱ्यांसाठी घडवलेले खटक्याचे चाकू गोळा केले. कुणी मेला की त्याच्या घरच्यांकडून, कुणी कंटाळला की त्याच्याकडून. आता पहिल्यांदा माझ्या नावानं, माझ्या हाताच्या मापाचा एक घडणार आहे. नोरिनानं ऐकवलंच, माझ्या अंगठीसाठी सोनाराकडे एकदाच गेला होतास.

६ ऑक्टोबर

माझा चाकू घडवणारा कारागीर, ओलिवो बेल्ट्रामे, त्याला भेटलो. त्याच्या बापानं घडवलेला एक चाकू माझ्याकडे आहे, म्हणून मनात एखाद्या मळकट, अबोल म्हाताऱ्याचं चित्र होतं. हा निघाला छैलछबिला! रेशमी रुमाल, मिशीला तेल, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. मला 'चष्मेवाले' म्हणतो. म्हणाला, चष्मेवाले, माझे चाकू बघायला भिंग लागत नाही, डोळे दिपू नयेत म्हणून काळा चष्मा लागतो. तरी मी भिंग लावून बघितलेच. माणूस बढाईखोर आहे, पण हात सोन्याचा आहे.

मुठीसाठी शिंग निवडलं. काळंभोर, पण उजेडात धरलं की आतून मधासारखं दिसतं.

१९ ऑक्टोबर

रोज सकाळी त्याच्याकडे जाऊन बसतो. पोलादाला पाणी दिलं तेव्हा त्यानं मला बोलूसुद्धा दिलं नाही. आता स्प्रिंग बसवतोय. पातं बाहेर झेपावून अडकतं, त्या क्षणाचा आवाज तो डोळे मिटून ऐकतो, कानशीनं केसभर घासतो, पुन्हा ऐकतो. व्हायोलिन लावणारा जशी एकेक तार लावतो, तसं.

नोरिनाचीही इथे गट्टी जमली. कोपऱ्यावरच्या दारूच्या गुत्त्यातल्या मफाल्दाकडून बटाटे-चीजचा फ्रिको शिकून आली. आज रात्री जेवताना म्हणाली, एर्मेस, गाव बरं आहे रे. मला फार बरं वाटलं.

३ नोव्हेंबर

झाला! बटण दाबलं की खट्, आणि पातं समोर. इतकं नितळ की त्यात माझी भुवई मोजता यावी.

एक छोटीशी कुरबुर झाली. ओलिवोनं टेबलावर पाव आणून ठेवला. त्यांच्या घराण्याची रीत अशी की नव्या चाकूनं पहिला काप पावाचा काढायचा, अर्धा घडवणाऱ्यानं खायचा, अर्धा मालकानं. मी हात आडवा घातला. पावाच्या कडक पाठीनं पात्यावर ओरखडा उठला तर? संग्राहकाला कोरं पातं हवं असतं, ज्यानं कधी काही कापलेलं नाही असं. ओलिवो हसला. म्हणाला, बापाची खोड हो ती. बाप म्हणायचा, पोलादाला पहिल्याच दिवशी सांगावं लागतं तू कशासाठी आहेस, नाहीतर ते आपलं आपण ठरवतं. राहू दे, चष्मेवाले, तुम्ही बघत बसा, आम्ही पाव हातानं तोडून खाऊ.

चाकू काचेच्या कपाटात, मधल्या फळीवर ठेवला. कपाटाला कुलूप.

१० नोव्हेंबर

दुपारी जेवत होतो. कपाटातून खट् आवाज आला. बघतो तर नवा चाकू उघडा. वास्तविक बटणाला अडसर लावलेला असतो. मीच विसरलो असेन. बंद करून अडसर दोनदा तपासला.

नोरिना सूप वाढत होती. दचकून सांडलं तिनं, वर मलाच चार शब्द सुनावले.

१४ नोव्हेंबर

रोज होतंय. ओलिवोनं सगळा खोलून बघितला, खोट नाही. डोळा मारून म्हणाला, बायकोला विचारा, तीच कंटाळून खेळत असेल. हे घरी सांगितलं तर नोरिना म्हणाली, त्याला म्हणावं तुझ्या मिशीनं खेळते. हसलो दोघं.

१७ नोव्हेंबर

आता हसू येत नाही. चाकू उघडतो तेव्हा फळीवर वळतो. टोक नेहमी नोरिनाच्या खुर्चीकडे असतं. मी तो उलटा ठेवून पाहिला. ती कपडे वाळत घालायला अंगणात गेली. खट्. टोक अंगणाकडे.

तिला काही बोललो नाही. मला भीती वाटते आहे, हे इथे तरी लिहायला हवं.

२० नोव्हेंबर

ओरखडा गेला खड्ड्यात. सकाळी ओलिवोला बोलावून आणलं, पाव ठेवला, पातं चालवलं. पाव कापला जात नाही. चमच्याची पाठ फिरवावी तसं पातं वरून घसरतं. चीज नाही, दोरा नाही, कागद नाही. भिंग लावून धार पाहिली, ती जशीच्या तशी आहे. मनात म्हटलं, चला, निदान हा काहीच कापत नाही.

दुपारी नोरिनाचा ॲप्रन खुंटीवर होता. छातीपाशी सरळ, स्वच्छ चीर. कपाटाला कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात.

ती म्हणाली, उंदरानं कुरतडला असेल. उंदीर असं कापत नाही, नोरिना.

२३ नोव्हेंबर

ओलिवोनं आमच्या टेबलावर चाकू खोलला. स्प्रिंग काढून बशीत ठेवली, उरलेला चाकू जुळवून बंद केला. आता हा मेला, म्हणाला. आम्ही एकेक पेला घेतला. तो त्याच्या बेल्जियममधल्या, लिएजला राहणाऱ्या मुलीचं काही सांगत होता. शेजारच्या खोलीत नोरिना खोकली आणि—

खट्.

स्प्रिंग बशीतच होती. दोघांनी पाहिली. ओलिवोचा चेहरा पांढराफटक पडला. पोलादानं आपलं आपण ठरवलं तर पुढे काय करायचं ते बापानं सांगितलं नाही, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मी विचारलंच नाही, म्हणाला. मला वाटायचं म्हातारा चळलाय.

२५ नोव्हेंबर

ओलिवोचं दुकान बंद. मफाल्दा सांगते, मुलीकडे गेला, हत्यारंसुद्धा घेऊन गेला. परतायचं काही बोलला नाही.

आता कुणाला विचारू?

२६ नोव्हेंबर

नोरिनाला गोरिझियाला बहिणीकडे धाडलं. कारण सांगता येईना, म्हणून भांडण उकरून काढलं. नको ते बोललो. बसमध्ये चढताना म्हणाली, या वयात दुसरी कुणी मिळाली असेल तर तिला सांग, तुला कांद्याची ढेकर येते. डोळे मात्र भरलेले होते तिचे.

बस गेली. रस्त्यातच रडलो.

२७ नोव्हेंबर

टोक पूर्वेकडे. गोरिझियाकडे. दिवसभर तसंच. बंद करतो—खट्.

२९ नोव्हेंबर

नदीत टाकायला निघालो. पुलावर उभा राहिलो, हात लांब केला. बोटं उघडली नाहीत. माझीच बोटं. दुसऱ्या हातानं उचकटून पाहिली—नाही. घरी येऊन कपाटापाशी उभा राहिल्यावर आपोआप सुटली.

नोरिनाचा फोन. परत येते म्हणाली. नको म्हटलं, ओरडलो. ती म्हणाली, तुझा आवाज आजारी आहे. अंडंसुद्धा तळता येत नाही तुला, म्हाताऱ्या. फोन ठेवला तिनं. परत लावला—कुणी उचलत नाही.

३० नोव्हेंबर

सकाळी कपाट उघडलं. मी नाही, माझ्या हातानं उघडलं. तो हातात आहे, उजव्या. सुटत नाही. डाव्यानं लिहितोय.

एकच उपाय सुचला. पहिला काप माझा. पातं डाव्या तळव्यावर ठेवलं, सगळा भार टाकला, ओढलं—

काही नाही. ओरखडासुद्धा नाही. पावासारखंच घसरलं. ही धार माझ्यासाठी नाहीच. तिच्या—

बस आली. आवाज ओळखतो मी.

दाराला आतून कडी आहे. ती बाहेर उभी आहे. उघड रे, हात भरलेत, म्हणते. मफाल्दाकडून गरम काही आणलंय म्हणते. मी जा म्हणतोय, तोंडातून आवाज निघत नाही. पाय दाराशी आले. वही भिंतीला टेकवलीय. उजव्यात तो. कडी काढायला डावाच हात मोकळा—

तो मोकळा सोडायचा नाही. लिहीत राहायचं. लिहितोय तोवर कडीकडे जाणार नाही. लिहितोय. नोरिना जा. लिहितोय. माझी नोरिना, जा, मागे फिर, जा, रागाव माझ्यावर, पण जा. ती दार वाजवतेय. लिहितोय. पेनावरची बोटं सैल पडताहेत. नोरिना जा. नोरिना जा. नोरि