तिसरी टिचकी

बाबूजी, मागच्या आठवड्यात आमच्या दवाखान्यात नागपूरहून एक साहेब आले होते. पेशंटचे नातेवाईक अंगावर धावून आले, वाट्टेल ते बोलले, तरी सिस्टरनं शांत कसं राहायचं ते शिकवायला. त्यांनी आम्हा सगळ्याजणींना डोळे मिटायला लावले. आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस आठवा म्हणाले, आणि तो नीट डोळ्यांपुढे उभा राहिला की अंगठा नि पहिलं बोट एकमेकांवर दाबा. रोज करा. महिनाभरानं दिवस आठवायचीही गरज नाही, नुसतं बोट दाबलं की मन आपोआप ताळ्यावर. बाकीच्या जणी वहीत उतरवून घेऊन राहिल्या होत्या. मला हसू आलं. साहेबांनी विचारलं, मॅडम, पटत नाही का? मी म्हटलं, पटते ना. मग टेबलावर नखानं तीन टिचक्या मारल्या, टक, टक, टक, आणि त्यांच्याकडे बघत बसले. दहा आकडे मोजायच्या आत माझे दोन्ही डोळे वाहायला लागले. बायांनी टाळ्या वाजवल्या. साहेब हरखले, हे कुठं शिकल्या म्हणाले. घरीच, म्हटलं. तुमचं नाव सांगितलं नाही. तेवढंही तुमच्या पदरात टाकावं असं वाटलं नाही.

मी नऊ वर्षांची होते आणि आपण सौंदडला राहत होतो. दिवाळी होऊन गेली की गावोगावच्या मंडया भरत, जत्रेसारखी गर्दी, रात्रभर नाटकं, आणि तुमची नाटक कंपनी निघे. तुम्ही पेटी वाजवायचे, तालीम घ्यायचे, नाटक बसवायचे, म्हणजे कंपनी तुमचीच म्हणायची. त्या साली माय तापानं फणफणली होती. तुम्ही तिच्या कपाळावर हात ठेवून पाहिला, उतरेल म्हणाले आणि गेले. दोन दिवसांनी दुपारी मी तुमचा रंगाचा डबा उघडून आरशासमोर बसले होते. ओठांना लाली लावून राहिले होते. आतून माय म्हणाली, पाणी दे वं बाई. मी म्हटलं, थांब वं माय, येतो. मग गालाला लावली, मग कपाळाला टिकली लावली, मग आरशात वळून वळून पाहिलं, आणि मग पाणी घेऊन गेले. तिचं तोंड उघडं होतं. मी त्यात पाणी ओतलं तर ते बाजूनं वाहून गेलं.

तुम्ही परत आले तेव्हा हे मी तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही माझे बाप होते आणि मला दुसरं कोणी नव्हतं. मला वाटलं होतं तुम्ही माराल. मारलं असतं तर फार बरं झालं असतं. तुम्ही नुसतं माझ्या तोंडाकडे बघत राहिले, नाटकवाला बघतो तसे. पुढच्या सालच्या नाटकात एक अनाथ पोर होती. आधी ते काम करणारी पोरगी मोठी झाली होती आणि तिला रडता येत नव्हतं, नुसती तोंड वेडंवाकडं करायची.

मग आपल्या रांधणीत तालीम सुरू झाली. चुलीवर भात रटरटून राहिला आहे, तुम्ही पेटी मांडीशी घेऊन बसले आहात, माझ्या मांडीवर मायचं हिरवं लुगडं टाकलं आहे. "सांग, माय काय मांगत होती?" मी सांगते, पाणी. "तू काय करत होती?" मी सांगते, लाली लावत होते. "मंग?" मग मी तिच्या तोंडाचं सांगते, आणि माझे डोळे भरले की बरोबर त्याच वेळेस तुम्ही पेटीच्या लाकडावर नखानं तीन टिचक्या मारता. रोज संध्याकाळी, भात उतरवायच्या आधी. एखाद्या दिवशी मला रडू येत नसे तेव्हा तुम्ही पुन्हा पहिल्यापासून विचारत. भात करपला तरी उठू देत नसत. पावसाळा संपता संपता तुम्ही लुगडं काढून घेतलं. मग विचारणं बंद केलं. एके दिवशी मी अंगणात सागरगोट्या खेळून राहिले होते, चांगली हसत होते, आणि तुम्ही ओसरीवरून तीन टिचक्या मारल्या. गोटे हातातून गळाले आणि मी रडायला लागले, कशासाठी ते मलाही कळलं नाही. तुम्ही तबलजीकाकांकडे पाहून मान हलवली, नवीन बैल नांगराला चालला की माणूस हलवतो तशी.

पहिल्या मंडईत मी स्टेजवर उभी राहिले, खाली पेटीपाशी तुम्ही. माझं वाक्य संपलं, तुमच्या टिचक्या झाल्या, आणि समोरच्या बाया पदर तोंडात कोंबून रडू लागल्या. खाली उतरल्यावर तुम्ही मला मोत्यांची माळ दिली, प्लास्टिकची, तीन पदरी. माझ्या गळ्यात घालून लोकांना म्हणाले, माझी पोर आहे ते. बाबूजी, मला त्या दिवशी फार आनंद झाला होता, हे लपवत नाही. साहेबांनी सगळ्यात चांगला दिवस आठवा म्हटलं तेव्हा हाच दिवस डोळ्यांपुढे आला, मेला. मी सगळं विसरायला तयार आहे, पण हे मला सहन होत नाही.

आणि मग ती दुपार. मी अकरा वर्षांची, भाजी निवडून राहिले होते, आणि एकदम मायची आठवण आली. टिचकी नाही, पेटी नाही, कोणी विचारलं नाही. ती भाजी निवडताना काड्या कशा एका बाजूला रचायची तेवढंच आठवलं आणि रडू आलं. माझ्या अंदाजानं ते माझं स्वतःचं शेवटचं रडणं होतं. तुम्ही दारात उभे होते. जवळ आले नाही. "फुकट कायले रडून राहिली वं? तिकडं लागते ते. इकडं उडवू नोको." मी डोळे पुसले आणि भाजी निवडली. त्याच संध्याकाळी तुम्ही मला नीट समजावलं की मन म्हणजे विहीर, रोज उपसली तर मंडईच्या दिवशी कोरडी सापडेल. किती शहाणे होते तुम्ही. त्या नागपूरच्या साहेबांपेक्षा कितीतरी हुशार, आणि काही शिकलेले नसूनही.

मला सोळावं लागेपर्यंत तुम्ही ते वापरलं. नंतर दुसरी लहान पोर मिळाली आणि मला नर्सिंगला धाडलं. पण टिचक्या माझ्यातच राहिल्या. आमगावहून मला पाहायला मंडळी आली, तेव्हा मुलाच्या मामानं तंबाखूची डबी पाटावर तीनदा ठोकली आणि मी पोह्यांची बशी हातात घेऊन रडायला लागले. पोरगी मायाळू आहे म्हणाले आणि लग्न ठरलं. वार्डात कोणी गोळ्यांची बाटली टेबलावर तीनदा आपटली की मी तोंड फिरवते. आणि जिथं रडायला पाहिजे तिथं काही नाही. दोन महिन्यांचं लेकरू पोटातून गेलं तेव्हा नवरा रडला, सासू रडली, मी छताकडे बघत पडले होते. शेवटी कंटाळून पलंगाच्या दांडीवर टिचक्या मारल्या, लोकांनी काही म्हणू नये म्हणून. पाणी आलं, पण ते त्या लेकराचं नव्हतं.

मायचंही नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. मी एकदा बसून तिचा चेहरा आठवून पाहिला. आला नाही. पाणी दे वं बाई, हे तिचे शब्दही येतात ते तुमच्या आवाजात, तालमीतल्या. तिचं मरण तुम्ही इतक्या वेळा वाजवलं की त्यातून ती निघून गेली. बाबूजी, लोक मेलेल्या माणसाचा फोटो तरी ठेवतात. तुम्ही माझ्याजवळ टक टक टक ठेवलं.

म्हणून तुम्हाला लकवा मारला तेव्हा मी तुम्हाला माझ्या फुलचूरच्या घरी आणलं. सगळे म्हणाले, पोरगी असावी तर अशी. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती, डावा हात आणि कान शाबूत होते. समज पूर्ण होती, ते मी नर्स असल्यानं मला पक्कं माहीत होतं. मी तुम्हाला स्वच्छ ठेवलं, कूस बदलत राहिले, अंगाला एक जखम होऊ दिली नाही. आणि रोज सकाळी पेज भरवताना तुमच्या कानाशी वाकून हळूच विचारायची, माय पाणी मांगत होती तेव्हा तुम्ही कुठं होते जी? तुमचे डोळे भरायला लागले की स्टीलच्या गिलासावर नखानं तीन टिचक्या. रोज. मला घाई नव्हती. दीड महिन्यात विचारायची गरज उरली नाही.

मग कोणी भेटायला आलं की मी गिलास हातात घ्यायची. तबलजीकाका आले, सौंदडची मंडळी आली. मी बोलता बोलता टिचक्या मारायची आणि तुमच्या डोळ्यांतून पाणी सुरू. ते म्हणत, बापाचा किती जीव आहे वं तुझ्यावर, तुला पाहून रडून राहिले. मी पदरानं तुमचे डोळे पुसायची. तुम्ही माझ्याकडे बघायचे आणि तुम्हाला सगळं कळत होतं. तुमच्यासारखा उस्ताद, तुम्हाला कळणार नाही तर कोणाला? मला त्यात सुख वाटत होतं. पस्तावा नाही वाटला. आजही फारसा नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी चार-पाच बाया खाटेभोवती बसल्या होत्या. श्वास लागला होता, आता काही तासांचं काम आहे हे मी ओळखलं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, डावा हात खाटेच्या लोखंडी दांडीपर्यंत नेला, आणि नखानं वाजवलं. टक. थांबले, दम घेतला. टक. मला सोळावं लागलं तेव्हापासून तुम्ही मला एकदाही वाजवलं नव्हतं. तिसरीच्या आधी मी तुमचं बोट मुठीत धरलं.

तुम्ही मला रडवून राहिले होते की स्वतःला, हे मी बारा वर्षं स्वतःला विचारून राहिले आहे. स्वतःला असेल तर तुम्ही मायसाठी रडायला निघाले होते, आणि मी अडवलं. मला रडवायचं असेल तर त्या दिवशी मी रडले असते आणि ते रडणं तुमच्यासाठीच आहे असं समजून तुम्ही सोबत घेऊन गेले असते. तेवढं मला तुम्हाला द्यायचं नव्हतं. बायांना वाटलं लेक बापाचा हात धरून बसली आहे.

हे पत्र साहेबांनी वाटलेल्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं आहे. तुमच्या रंगाच्या डब्यात त्या माळेखाली ठेवून देईन, दुसरीकडे पाठवायचं तरी कुठं? एकच गोष्ट कोणाला सांगितली नाही. तुमचा श्वास थांबला, मी घड्याळ पाहिलं, डोळे मिटवले, सगळं शिकल्याप्रमाणे एका हातानं केलं. दुसऱ्या हातात तुमचं बोट तसंच होतं. बाया म्हणाल्या, सोड वं बाई आता, आंघोळ घालायची आहे. मी सोडलं नाही. मला भीती वाटून राहिली होती की सोडलं तर तुम्ही वाजवाल.