पूजेतला पाना

गुरुवार, खंडेनवमी

गाडी चालू झाली! आधी हे लिहिते, मग बाकीचं.

सकाळी नवा स्टार्टर मीच बसवला. किल्ली फिरवली, तर नुसतं खर्र! समीर, नवरा असूनही, खिडकीतून म्हणाला, "अभिनंदन! बोलावू भंगारवाल्याला?" थट्टा नव्हती. दसऱ्यापर्यंत चालू झाली नाही तर सासऱ्यांची गाडी भंगारात काढायची, हे ठरलेलंच होतं. ते गेल्यापासून ती उभीच.

दिवसभर डोक्यात तेच खर्र. जेवताना उमगलं. स्टार्टर टेकतो ती जागा मी खरवडलीच नव्हती. म्हणून तो तिरका बसला आणि त्याचे दाते इंजिनाच्या चाकात नीट अडकेनात. पुन्हा उघडायला हवा होता, पण तोवर सासूबाईंनी माझे पाने पूजेत मांडले होते. पूजेतलं हत्यार आज उचलायचं नाही. मी मानते का हे? माहीत नाही. त्या मानतात. मग पाना मागू कसा?

शेवटी मागितलाच.

"अगं, काम अर्धवट असताना पाने दिलेसच कशाला पूजेला?" त्या म्हणाल्या. "घे. देवीला मी सांगते." आणि स्वतःच झेंडू बाजूला केला.

बॅटरीची तार सोडवली, जागा लख्ख घासली, स्टार्टर सरळ टेकवून दोन्ही बोल्ट सारखे आवळले आणि तार परत जोडली. हाताला हळद, ग्रीस, सगळंच. किल्ली फिरवली. खर्र नाही! इंजिन एका दमात सुरू.

समीर धावत खाली आला, तोवर सासूबाई पुढच्या सीटवर बसल्याही होत्या.

"तू मागे बस," त्या त्याला म्हणाल्या, "आणि दार हळू लाव."