किलवरची सत्ती

सोमवार, ९ मार्च
सकाळी साडेदहा

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनींना आणि पोरींना माझी आठवण सांग. धाकटीचे पुढचे दात आले का? फोटोत फार गोड दिसत होती, फक्त नाक तुझ्यावर गेलंय, त्याला इलाज नाही. चष्म्याच्या काचा घासून घासून तुझी मान दुखते असं वहिनींनी लिहिलं होतं. शेकत जा.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहिलं होतं. वर खोडलेलं दिसत असेल, ते तेच.

तुला एक धंद्यातला सल्ला विचारायचा आहे. हसू नकोस. एकवीस वर्षं पत्त्यांना हात न लावलेल्या माणसाला जादू विचारणारी मीच पहिली असेन. ते आपलं वर येणारं पान आठवतं ना? समोरच्याने पान ओढायचं, त्यावर सही करायची, आपण ते कॅटच्या मधोमध खुपसायचं आणि टिचकी मारली की ते सगळ्यात वर. ते करायचं आहे, आणि कुठल्या पद्धतीने करावं हेच ठरत नाही. एक तुझी पद्धत, दोन पानं एकच असल्यासारखी उचलायची. दुसरी माझी, आखूड पानाची. एका पानाची कड कानशीने केसभर कमी केलेली असते, ते बरोबर समोरच्याच्या हातात सरकवायचं, मग कुठेही खुपसलं तरी अंगठ्याला सापडतं. माझे पंजे लहान म्हणून आप्पांनी मला ही शिकवली आणि तुला हातांची, हे तू विसरला नसशील. तिसरी रुमालाखाली कॅटच बदलायची, ती मला कधीच जमली नाही.

बघणारे आप्पाच आहेत, तिथेच सगळं अडलंय.

तुला कळवलं नव्हतं, रागावू नकोस. नोव्हेंबरात त्यांना अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली, वाचाही गेली. उजवा हात शाबूत आहे आणि डोकं तर माझ्यापेक्षा ताजं आहे. घड्याळदुरुस्तीचं दुकान मी बंद केलं आणि त्यांचा पलंग तिथेच लावला, रस्ता दिसतो म्हणून. भिंतीवरची गिऱ्हाइकांनी न नेलेली घड्याळं तशीच आहेत, प्रत्येकाची वेळ वेगळी. डॉक्टर गेल्या महिन्यात म्हणाले की आता आठवड्याच्या हिशोबाने बघा. तेव्हापासून आप्पांनी पाटीवर एकच गोष्ट लिहायचा धोशा लावला: ‘एकदा फसव’.

आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांना फसवलं, त्याला जाण्याआधी एकदा फसायचं आहे. मला आधी हसूच आलं. रोज चार वाजता मी खुर्ची ओढून बसू लागले. दोन पानं एकत्र उचलली की त्यांना आवाज येतो, ते नखाने पलंगाच्या दांडीवर टकटक करतात. म्हणजे पकडलं. आखूड पान तर त्यांनीच शिकवलेलं, मी अंगठा हलवायच्या आत टकटक. बारा दिवस टकटकच ऐकली.

थांब, दूध उतू जातंय.

आले. दूध गेलंच थोडं. खरं तर मघाशीच गॅस बंद करता आला असता, पण पुढचं लिहायचं टाळत होते.

गेल्या मंगळवारी मी नवा कॅट फोडला. आप्पांनी चौकटची नश्शी ओढली, पेनने वाकडी रेघ मारली. मी ती मधोमध खुपसली, आणि त्याच वेळी त्यांचा श्वास अडकल्यासारखा वाटला म्हणून त्यांच्याकडेच बघत राहिले. हातांनी काही करायचं राहूनच गेलं, दादा. पद्धत एक नाही, दोन नाही, काहीच नाही. त्यांचा श्वास सुरू झाला आणि सवयीने मी वरचं पान उलटलं.

किलवरची सत्ती होती. तिच्यावर हिरव्या शाईत ग्रंथपालबाईंची सही.

तू वाचताना इथे थांबला असशील. मीही थांबले होते. बाई जाऊन नऊ वर्षं झाली. आणि ते पान मी स्वतः चुलीत घातलं होतं, आपल्या त्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. जळून काळं होऊन गुंडाळलं गेलं तोवर उभी होते.

आप्पांनी टकटक केली नाही. ते हसले. अर्ध्याच तोंडाने, पण पोटातून. मी कॅट कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकून आले. बुधवारी दुसरा कॅट, त्यांनी बदामचा गुलाम ओढला, वर सत्ती. गुरुवारी मी पानांना हात लावलाच नाही, त्यांनाच कापायला लावलं. पुन्हा वर सत्तीच. खोलीत कुणी नव्हतं. घड्याळं मात्र सगळी एकदम थांबली होती, म्हणजे आधी चालू होती हेही मला तेव्हाच कळलं. किल्ली मी कुणालाच दिलेली नाही.

मग आप्पांनी पाटीवर लिहिलं, ‘कशी?’ जादूगाराला दुसरं काय विचारायचं असणार. मी म्हटलं, मला माहीत नाही. त्यांनी त्याच शब्दाखाली रेघ मारली. आणखी एक मारली.

तेव्हा मी त्यांना सांगितलं. आता तुला सांगते, आणि हे तुला आधी सांगायला हवं होतं.

वाचनालयातल्या त्या कार्यक्रमाच्या दिवशी पडद्यामागे तुझे हात थरथरत होते. तू पाणी प्यायला गेलास तेव्हा मी तुझ्या कोटातला कॅट काढून माझा ठेवला, आखूड सत्तीचा. वाटलं, दादाला सोपं जाईल. सांगायला धावले तर तू स्टेजवर गेलेला. ग्रंथपालबाईंनी नेमकं तेच पान ओढलं, त्यावर सही केली. तू तुझ्या पद्धतीने दोन पानं एक म्हणून उचललीस, आखूड पान निसटलं आणि बाईंच्या पायाशी जाऊन पडलं. अख्खा हॉल हसला. आप्पा माईकवर म्हणाले, “याचे हात लाकडाचे आहेत.” आणि माझ्याकडे बोट दाखवलं, आता तू कर. मी केलं. टाळ्या पडल्या.

मदत म्हणून केलं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे, तू घर सोडून गेलास त्या संध्याकाळी मला रडू आलं आणि त्याच वेळी तुझी जागा आपल्याला मिळाली याचा आनंदही झाला. पंधरा वर्षांची होते, ही सबब झाली. पुढच्या एकवीस वर्षांना सबब नाही.

हे सगळं ऐकून आप्पांनी सत्ती मागितली. अंगठा कडेवरून फिरवला. त्यांना लगेच समजलं, कानस त्यांचीच होती ना. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पाटी पुसली, आणि तुझं नाव लिहिता लिहिता खडू तुटला.

त्या दिवसापासून त्यांनी जादू मागितलेली नाही. ते दाराकडे बघतात. रस्त्यावर पाऊल वाजलं की उजव्या हाताची बोटं उघडतात, माणूस पुढे गेला की मिटतात. मला वाटतं ते तुझी माफी मागायला थांबलेत. मी मात्र माफी मागत नाही, ती द्यायची की नाही हे तुझं तू ठरव. फक्त त्यांना फार वेळ नाही.

ते पान या पत्रासोबत पाठवतेय. कडेवरून अंगठा फिरव, म्हणजे मी वेडी झाले नाही हे पटेल. आणि लिफाफ्यात नसलं तर घाबरू नकोस, ते इकडे आलेलं असेल. त्याला घरी कसं यायचं ते कळतं. तूही ये.

तुझे हात लाकडाचे नव्हते हे माहीत असून गप्प बसलेली,
तुझी
चिंगी